आधी कातडी, मग गोतावळा

माथेरानच्या पॉइंटांवर माणसांचं माकडांकडे लक्ष असतं ते हातातली पिशवी वाचवण्यापुरतं. पिशवी सांभाळून कठड्यावर बसलेल्या एखाद्या जोडीकडे पाच मिनिटं नुसतं बघत राहावं. ही बॉनेट मकाक जातीची माकडं. डोक्यावर मधोमध भांग पाडून टोपी चढवल्यासारखे केस. एक मादी दुसरीच्या पाठीवरचे केस एका हाताने उलटे सारून दाबून धरते, उघड्या पडलेल्या कातडीवर नजर रोखते, दुसऱ्या हाताच्या अंगठ्या-तर्जनीत काहीतरी टिपते आणि थेट तोंडात टाकते. मध्येच ओठ चटचट वाजवते. जिचं अंग साफ होतंय तीही नुसती बसून नसते. ती जागा दाखवते. पाठ वळवते, मान खाली घालते, हात वर करून काख पुढे करते. यातल्या बहुतेक जागा तिच्या स्वतःच्या हाताला किंवा डोळ्याला न पोचणाऱ्या.

‘उवा काढतायत’ म्हणून आपण पुढे जातो. उवा, लिखा, गोचिडी निघतात हे खरंच. पण काही जातींची माकडं दिवसाचा जवळजवळ पाचवा हिस्सा या कामात घालवतात, आणि स्वच्छतेला एवढा वेळ लागत नाही. आकाराने मोठ्या जातीला जास्त वेळ लागावा, तर तसंही दिसत नाही. आफ्रिका-आशियातल्या माकडांत टोळी मोठी तसा हा वेळ वाढत जातो.

बेंगळुरूचे संशोधक अनिंद्य सिन्हा यांनी रानातल्या बॉनेट माकडांची एक साधी वाटणारी गोष्ट नोंदवून १९९८ साली प्रसिद्ध केली. दोन माद्या एकमेकींचं अंग साफ करत बसल्या आहेत. तिसरी, दोघींपेक्षा वरच्या मानाची, जवळ येते. आता उठायचं कुणी? बहुतेक वेळा त्या दोघींतली जी खालची असते ती उठते. यातला हिशेब बघा. आलेली आपल्याहून मोठी आहे, हे दोघींनाही ठाऊक असतं. पण तेवढ्यावर दोघीही उठायला हव्यात, किंवा कुणीही एक. उठणारीला आणखी एक गोष्ट कळत असावी लागते, की शेजारी बसलेलीही माझ्यापेक्षा वर आहे. मी, ती आणि ही असा तिघींचा ताळा तिला चालू क्षणी मांडावा लागतो.

सस्तन प्राण्यांच्या सामाजिक मेंदूची गोष्ट बहुधा इथून सांगायला घेतात. कोण कुणाच्या वर, कुणाचं कुणाशी पटतं, कोण उपकार विसरतं, हे लक्षात ठेवायचं म्हणून मेंदू वाढला, अशी ती मांडणी. मला ती चुकीची वाटत नाही, उशिरा सुरू झालेली वाटते. हिशेब येण्याच्या कितीतरी आधी कातडी आली. दुसऱ्याला ओळखायची जी काही सामग्री सस्तन प्राण्याकडे आहे, तिचा मोठा भाग स्वतःच्या अंगाची जाणीव करून घेण्यासाठीच तयार झालेला आहे.

चीनमधल्या युन्नान प्रांतात लुफेंग इथे हॅड्रोकोडियम नावाच्या प्राण्याची, सस्तन प्राण्यांच्या एका अगदी जुन्या नातलगाची, कवटी सापडली. जेमतेम १२ मिलिमीटर लांब. प्राण्याचं वजन अंदाजे दोन ग्रॅम, काळ सुमारे १९ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचा. मेंदूचा जीवाश्म होत नाही, पण सस्तन प्राण्यांत मेंदू कवटीत इतका चपखल बसलेला असतो की हाडाच्या आतल्या बाजूवर त्याचा ठसा उमटतो. टिमथी रोव आणि सहकाऱ्यांनी या कवटीचा आणि तिच्याहून जुन्या मॉर्गॅन्युकोडॉनच्या कवटीचा सीटी स्कॅन करून ती पोकळी संगणकावर भरून काढली आणि २०११ साली निष्कर्ष मांडला. मेंदू एका दमात वाढलेला नाही, टप्प्याटप्प्याने वाढला. त्या वाढीत तीन गोष्टींचा वाटा होता: वास, अंगावरच्या केसांतून येणारा स्पर्श आणि स्नायूंचा मेळ. नात्यागोत्याचा हिशेब यात कुठेच नाही. रात्री पालापाचोळ्यात किडे धुंडाळणाऱ्या दोन ग्रॅमच्या जिवाला अंधारात आपलं अंग कुठे संपतं आणि जग कुठे सुरू होतं हे कळणं जास्त निकडीचं होतं.

केस म्हटले की आपल्याला आधी ऊब आठवते. पण प्रत्येक केसाच्या मुळाशी मज्जातंतूंचा वेढा असतो. टोक हललं की मुळाला कळतं. मांजराच्या, उंदराच्या मिश्या ही याच केसांची बढती मिळालेली आवृत्ती. उंदराच्या गालावर मोठ्या मिश्यांच्या पाच ओळी असतात, आणि मेंदूच्या सालीत, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, त्याच पाच ओळींत तितकेच पेशींचे पुंजके असतात. एका मिशीला एक पुंजका. थॉमस वूल्सी आणि हेंड्रिक व्हॅन डेर लूस यांनी १९७० साली हे दाखवलं. त्याआधी अनेकांनी हाच भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता, पण काप घ्यायची रीत उभी होती. उभ्या कापात पुंजक्यांची एखादी रांग दिसते, मांडणी दिसत नाही. या दोघांनी पृष्ठभागाला समांतर काप घेतला आणि उंदराचा सगळा गाल समोर आला.

पुढचा प्रयोग जास्त महत्त्वाचा. नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या मिश्यांच्या एका ओळीची मुळं जाळून टाकली, तर मेंदूतली ती ओळ तयारच होत नाही आणि शेजारच्या ओळी पसरून जागा घेतात. हेच आठवडाभराने केलं तर नकाशा जसाच्या तसा राहतो. अंगाचा नकाशा मेंदूत छापून येत नसतो. पहिल्या काही दिवसांत अंगच तो काढून घेतं. त्यामुळे ज्या प्राण्याचं पोट ज्या अवयवावर, त्या अवयवाला नकाशात मोठी जागा. प्लॅटिपसमध्ये चोचीला, बिळात राहणाऱ्या, आफ्रिकेतल्या बिनकेसांच्या मोलरॅटमध्ये पुढच्या दातांना, माणसात ओठांना आणि बोटांना.

पण नुसत्या नकाशाने गोतावळा तयार होत नाही. सरड्यालाही कातडी असतेच. सस्तन प्राण्यांत वेगळं झालं ते दुधामुळे. दूध पाजायचं तर अंगाला अंग लागणं टळत नाही. प्लॅटिपसला तर स्तनाग्रंही नसतात. पोटावरच्या केसांतून दूध झिरपतं आणि पिल्लू ते तिथून घेतं. त्यात पिल्लू इवलंसं, उघडं, स्वतःची ऊब स्वतः टिकवू न शकणारं. आईला सोडलं की काही वेळात थंड पडणारं. अशा जिवाच्या मेंदूत ‘माझ्या अंगाचं बरं चाललंय’ आणि ‘कुणीतरी जवळ आहे’ या दोन बातम्या एकाच दाराने आत येणार.

ते दार शोधायला फार वेळ लागला. स्वीडनमधले इंगवे झोटरमन यांना १९३९ साली मांजराच्या कातडीत असे बारीक मज्जातंतू सापडले होते जे हलक्या स्पर्शाला प्रतिसाद देतात. माणसात ते नसावेत, उत्क्रांतीत गळून गेले असावेत, असा पुढे बरीच वर्षं समज होता. तो चुकीचा निघाला, कारण मोजायची पद्धत सुधारली. या पद्धतीत टंगस्टनची केसासारखी बारीक सुई कातडीतून थेट नसेत घालतात आणि एकेका तंतूचा विद्युत संदेश ऐकतात. भूल देता येत नाही, कारण मग ऐकायचं काय? माणूस निपचित पडून राहावा लागतो. एक बोट हललं तरी सुई तंतूवरून सरकते आणि पुन्हा पहिल्यापासून शोधाशोध.

या शोधातून दोन वाटा स्पष्ट झाल्या. एक वाट जाड, आवरण असलेल्या तंतूंची. त्यातून संदेश सेकंदाला पन्नासेक मीटर वेगाने जातो. काय लागलं, कुठे लागलं, केवढ्या जोरात, ते ही वाट सांगते. दुसरी वाट बारीक, उघड्या तंतूंची. तिचा वेग सेकंदाला मीटरभर, म्हणजे माणूस चालतो त्याच्याही मागे. पोटरीवरून हात फिरवला तर या वाटेची बातमी मेंदूत पोचायला सेकंदाहून जास्त वेळ जातो. संकटाची सूचना द्यायला ही वाट बिनकामाची, आणि तिला ते कामही दिलेलं नाही. या तंतूंना हवा तो स्पर्श फार नेमका आहे. मऊ ब्रश सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरवला तर ते भरभरून बोलतात, ३ सेंटिमीटरच्या आसपास सर्वांत जास्त. वेग ३० वर नेला किंवा सेंटिमीटरच्या दहाव्या हिश्श्यावर आणला की जवळपास गप्प होतात. ब्रश ३२ अंश सेल्सिअसला, म्हणजे कातडीच्याच तापमानाला ठेवला तर प्रतिसाद चांगला. १८ अंशांना किंवा ४२ अंशांना कमी. गंमत म्हणजे अंगावर हात कसा वाटला असं लोकांना विचारून त्यांनी दिलेल्या गुणांचा आलेख काढला, तर तोही याच वेगांना वर जातो आणि याच वेगांना खाली येतो. आणि आयांना काहीही न सांगता ‘बाळाच्या अंगावरून हात फिरवा’ म्हटलं तर त्यांचा हात आपसूक याच टप्प्यात फिरतो.

हे तंतू केसाळ कातडीत भरपूर आहेत, तळहातावर जवळजवळ नाहीत. ज्या हाताने कुरवाळायचं त्याच्याकडे ही यंत्रणा नाही. ज्याला कुरवाळलं जातं त्याच्या पाठीवर, दंडावर, गालावर ती आहे.

एका दुर्मीळ आजारात एका महिलेचे नाकापासून खालचे जाड तंतू निकामी झाले होते. अंगाला काही लागलं तरी ते तिला कळत नसे. हाकन ओलाउसन यांच्या गटाने २००२ साली तिच्या हातावरून मऊ ब्रश फिरवला. तिला काहीतरी अस्पष्ट, पण बरं वाटणारं जाणवलं. मेंदूच्या चित्रात स्पर्शाचा नेहमीचा नकाशा गप्प होता, आणि इन्सुला नावाचा भाग जागा झाला होता. इन्सुला कानाच्या वर, मेंदूच्या घडीत आत दडलेला असतो. भूक, तहान, धडधड, भरलेलं मूत्राशय, ऊब, खाज, दुखणं या शरीराच्या आतल्या सगळ्या खबरी तिथे जमतात. बड क्रेग यांनी माकडांत आणि माणसांत ही वाट पाठीच्या कण्यापासून तिथवर शोधून दाखवली. म्हणजे मायेने फिरवलेला हात मेंदू बाहेरच्या जगाच्या वहीत टिपतोच, शिवाय तो पोटातल्या भुकेच्या आणि छातीतल्या धडधडीच्या शेजारी मांडतो.

पिल्लाच्या बाबतीत ही मांडणी जिवाशी येते. ड्यूक विद्यापीठात सॉल शानबर्ग आणि सिंथिया कून उंदरांची पिल्लं आईपासून वेगळी करून त्यांचं काय होतं ते बघत होते. वाढीचं संप्रेरक झपाट्याने उतरत होतं. ऊब दिली, दूध दिलं, तरी आकडे वर येईनात. मग ओल्या ब्रशने, आईच्या जिभेइतका जोर लावून, पिल्लांचं अंग घासलं. आकडे सावरले. हलक्या हाताने काम भागलं नाही. प्रौढ माणसाला आवडणारा हळुवार ब्रश आणि पिल्लाला लागणारी खरबरीत जीभ एकच समजण्याची चूक करू नये. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईचा हात किती जड असतो हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना याचं फारसं आश्चर्य वाटणार नाही, अर्थात उंदराच्या प्रयोगावरून तिला प्रमाणपत्र देण्याची गरज नाही.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांनी आणखी पुढचं पाहिलं. काही उंदीरमाद्या पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. खूप चाटलेल्या पिल्लांत मोठेपणीही ताणाला आवर घालणारी व्यवस्था जास्त भक्कम असते. हे आनुवंशिक असेल अशी शंका येणारच. म्हणून पिल्लांची अदलाबदल केली. कमी चाटणारीच्या पोटचं पिल्लू जास्त चाटणारीकडे वाढलं की ते तिच्यासारखं झालं, आणि त्या मादी पिल्लांनी पुढे आपल्या पिल्लांनाही तसंच चाटलं. म्हणजे गुणसूत्रांत काही न बदलता एक सवय पिढी ओलांडून गेली, ती जिभेवरून.

खेळाची गोष्टही इथेच सांगायला हवी. उंदरांना गुदगुल्या केल्या की ते आपल्याला ऐकू न येणारा, सुमारे ५० किलोहर्ट्झचा आवाज काढतात, हे जाक पॅंकसेप यांनी दाखवलं. बर्लिनमध्ये शिम्पेई इशियामा आणि मायकेल ब्रेख्त यांनी २०१६ साली मेंदूतल्या धडाच्या नकाशात तारा बसवून गुदगुल्यांच्या वेळच्या पेशी ऐकल्या. पेशी गुदगुल्यांना पेटल्याच. पण उंदीर हाताचा पाठलाग करत खेळत असताना, अंगाला बोटही लागलेलं नसताना, त्याच पेशी बोलत होत्या. येऊ घातलेला स्पर्श अंगाच्या नकाशात आधीच हजर होता. मग त्याच उंदराला उंच फळीवर, झगझगीत उजेडात ठेवून तशाच गुदगुल्या केल्या. आवाज बंद, पेशीही थंडावल्या. बोटं तीच, कातडी तीच. ज्या भागाला आपण निव्वळ स्पर्शाची नोंदवही समजत होतो, तो भाग प्राणी सुखात आहे की धास्तीत, हे विचारूनच नोंद करतो.

आता स्वतःच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगाकडे जाऊ.

मॅकगिलमध्येच जेफ्री मोगिल यांच्या गटाने २००६ साली दोन उंदरांना शेजारी ठेवून दोघांच्याही पोटात दुखेल असं सौम्य आम्लाचं इंजेक्शन दिलं. शेजारचाही कळवळत असेल तर उंदीर जास्त कळवळतो, पण तो शेजारी रोजचा पिंजऱ्यातला सोबती असेल तरच. अनोळखी असेल तर नाही. अनोळखी उंदीर समोर आल्यावर ताणाचं संप्रेरक वाढतं आणि तेच आड येतं. ते औषधाने रोखलं तर परक्याचं दुखणंही भिडतं. २०१५ साली हेच माणसांवर करून पाहिलं. हात बर्फाच्या पाण्यात बुडवायचा, समोर मित्र किंवा परका. निकाल उंदरांसारखाच. औषधाचा परिणामही तसाच. आणि औषधाऐवजी दोन परक्यांना १५ मिनिटं मिळून वाद्यं वाजवण्याचा व्हिडिओ गेम खेळायला लावलं, तरी तेच झालं. एवढ्या थोड्या वेळात परका सोबत्यांच्या यादीत जातो, हे मला या सगळ्या संशोधनातलं सर्वांत आशादायक वाटतं.

दुसऱ्याचं दुखणं मेंदूत कुठे उमटतं? टानिया सिंगर यांनी २००४ साली जोडप्यांवर प्रयोग केला. बाईच्या हाताला विजेचा झटका दिला, मग तिच्याऐवजी तिच्या जोडीदाराला दिला. दोन्ही वेळा तिच्या इन्सुलाचा पुढचा भाग जागा झाला. कुठे दुखलं ते सांगणारा नकाशा मात्र फक्त तिच्या स्वतःच्या झटक्याला बोलला. आपण दुसऱ्याच्या वेदनेची जागा घेत नाही. आपलं पोट जसं आपल्याला कळतं त्या जागी त्याची वेदना ठेवतो.

मग ‘मी’ आणि ‘तो’ यांची सरमिसळ होत नाही का? होते, आणि ती मुद्दाम घडवताही येते. टेबलावर रबरी हात समोर ठेवायचा, खरा हात पडद्याआड. दोन सारखे ब्रश घेऊन दोन्ही हातांच्या त्याच बोटावरून, त्याच दिशेने, एकाच क्षणी फिरवायचे. काही मिनिटांत बऱ्याच जणांना तो रबरी हातच आपला वाटू लागतो. मॅथ्यू बॉटव्हिनिक आणि जोनाथन कोहेन यांनी हे १९९८ साली मांडलं. फसतं ते ठरावीक कारणांनी: ब्रशच्या वेळेत अर्ध्या सेकंदाची तफावत पडली, रबरी हात उलट्या दिशेला वळवलेला असला, खऱ्या हातापासून फार दूर ठेवला, किंवा हाताऐवजी लाकडाचा ठोकळा ठेवला. जपानमध्ये २०१६ साली हाच प्रयोग उंदरांवर रबरी शेपटी घेऊन केला. शेपट्या एकाच वेळी ब्रशने घासून झाल्यावर रबरी शेपटी पकडली की उंदीर आपलीच पकडल्यासारखे मान वळवत. अंगाची मालकी ठरवण्याची रीत आपल्यात आणि उंदरात एकच दिसते: जे दिसतं आणि जे लागतं त्यांची वेळ जुळली की ते माझं.

आरशाच्या परीक्षेकडे मी या रीतीच्या अंगाने बघतो. गॉर्डन गॅलप यांनी १९७० साली चिंपांझींना दहा दिवस आरशाची सवय करून दिली, मग भूल देऊन भुवईवर आणि कानावर वास नसलेला, कोरडा झाल्यावर जाणवणार नाही असा लाल रंग लावला. जाग आल्यावर आरशाविना ते तिथे फारसा हात लावत नव्हते. आरसा समोर येताच लावू लागले. तेव्हापासून आत्मभानाची ही जणू प्रवेशपरीक्षा झाली. पण नापास होणाऱ्यांची कारणं बघितली की परीक्षेचाच कल कळतो. गोरिलांत टक लावून पाहणं म्हणजे धमकी, त्यामुळे गोरिला आरशात नीट बघतच नाही. कुत्र्याच्या लेखी वास नसलेलं प्रतिबिंब हा कुत्राच नव्हे. हत्तींना सुरुवातीला दिलेला आरसा लहान होता आणि गजांपलीकडे होता. २००६ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात जोशुआ प्लॉटनिक यांनी हत्तीच्या मापाचा भक्कम आरसा आतच उभा केला, डोक्याच्या एका बाजूला पांढरी फुली आणि दुसऱ्या बाजूला न दिसणाऱ्या रंगाची फुली काढली. तिघींपैकी हॅपी नावाच्या एकाच हत्तिणीने सोंडेने पांढरी फुली चाचपली.

उरलेल्या दोघींना आपलं अंग कळत नव्हतं? रेचल डेल आणि प्लॉटनिक यांनी थायलंडमधल्या हत्तींना २०१७ साली वेगळं कोडं घातलं. हत्ती एका जाड चटईवर उभा, आणि त्याने समोरच्या माणसाला द्यायची काठी दोरीने त्याच चटईला बांधलेली. जोवर आपण चटईवर उभे आहोत तोवर काठी पुढे देता येत नाही, अडथळा आपलंच वजन आहे, हे कळलं तरच सुटणारं. काठी बांधलेली असताना हत्ती बहुतेक वेळा चटईवरून बाजूला झाले. काठी सुटी असताना क्वचितच. पुढे बुडापेस्टमध्ये कुत्र्यांनीही अशीच चाचणी पार केली, ज्यांना आरशाने कायमचं नापास ठरवलं होतं. आरसा डोळ्यांवर जगणाऱ्यांसाठी बरा. अंगाचं भान मोजायला चटई जास्त प्रामाणिक.

आणि ऱ्हीसस माकडांचा मासला तर बोलकाच आहे. पिढ्यान्‌पिढ्या ती आरशात नापास. २०१५ साली शांघायच्या संशोधकांनी त्यांच्या चेहऱ्यावर लेसरचा असा ठिपका पाडला जो दिसतोही आणि किंचित झोंबतोही. आरशात ठिपका, गालावर झोंब, हात गालावर. काही आठवडे हे केल्यावर न झोंबणाऱ्या ठिपक्यालाही ती हात लावू लागली, आणि सातांपैकी पाच माकडं पुढे आपणहून आरशात बघून अंगाचे एरवी न दिसणारे भाग तपासू लागली. दिसणं आणि लागणं यांची गाठ कुणीतरी मारून देण्याचा अवकाश होता.

गॅलप यांच्याच १९७१ सालच्या प्रयोगाची मात्र कमी आठवण काढली जाते. जन्मापासून एकटे वाढवलेले चिंपांझी आरशाच्या परीक्षेत उतरले नाहीत. चारचौघांत वाढलेले उतरले. एकट्याने वाढलेल्यांपैकी काहींना नंतर इतरांच्या सहवासात ठेवलं तेव्हा त्यांच्यात ती ओळख उमटू लागली. स्वतःचा चेहरा ओळखायला आधी दुसऱ्यांचे चेहरे आणि दुसऱ्यांचे हात लागतात, असा याचा अर्थ मी घेतो.

एवढं झाल्यावर रॉबिन डनबार यांच्या आकड्याकडे यायला हरकत नाही. १९९२ साली त्यांनी माकड-वानरांच्या कॉर्टेक्सचं उरलेल्या मेंदूशी असलेलं प्रमाण आणि टोळीचा आकार यांची सांगड घातली, आणि तीच रेघ पुढे ओढून माणसासाठी साधारण १५० हा आकडा काढला. तो आकडा आता व्यवस्थापनाच्या वर्गांत मंत्रासारखा म्हटला जातो. आकडा नाजूक आहे. २०२१ साली स्टॉकहोममधल्या संशोधकांनी तेच गणित नव्या पद्धतींनी केलं, तर उत्तराची शक्य व्याप्ती इतकी रुंद आली की एक आकडा सांगण्यात अर्थ उरला नाही. त्याआधी २०१७ साली १४० हून जास्त जातींच्या तुलनेत मेंदूच्या आकाराचा अंदाज टोळीपेक्षा आहारावरून जास्त चांगला लागला: फळं खाणाऱ्यांचा मेंदू पाला खाणाऱ्यांपेक्षा मोठा. माणसाचा मेंदू वजनाने अंगाच्या २ टक्के, पण विश्रांतीतली सुमारे २० टक्के ऊर्जा खाणारा. एवढा खर्च निव्वळ गप्पांसाठी परवडेल कसा, हा प्रश्न रास्तच आहे. डनबार यांचं दुसरं म्हणणं मात्र मला टिकाऊ वाटतं: टोळी बांधून ठेवण्याचं चलन वेळ आहे, आणि तो वेळ अंग साफ करण्यात खर्च होतो. बॅरी केव्हर्न यांच्या गटाने टॅलापोइन माकडांत दाखवलं की अंग साफ करून घेतल्यावर मेंदूभोवतीच्या द्रवात एंडॉर्फिन, म्हणजे वेदना शमवून बरं वाटायला लावणारं रसायन, वाढतं. युगांडाच्या बुडोंगो जंगलातल्या चिंपांझींच्या लघवीत ऑक्सिटोसिन हे जवळिकीशी जोडलेलं संप्रेरक मोजलं, तर ते जिवलग सोबत्याकडून अंग साफ झाल्यावर वाढलेलं होतं, ओळखीपाळखीच्याकडून झाल्यावर नाही. हात तोच, जागा तीच. पण कुणाचा, हे कातडीखाली मोजलं जातं.

हे ज्ञान आज सर्वांत थेट कामाला येतं ते कमी वजनाच्या बाळांच्या वॉर्डात. कोलंबियातल्या बोगोटामध्ये १९७८ साली इन्क्युबेटर पुरेनात म्हणून डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. रीत अशी: बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे; उभं, दोन्ही स्तनांच्या मध्ये, छातीला छाती; पाय बेडकासारखे दुमडलेले; मान एका कुशीला वळवून किंचित मागे; वरून कापडी पट्टा, त्याची वरची कड बाळाच्या कानाखाली. बांधण्यातल्या चुका बहुधा दोनच होतात. मान पुढे पडते किंवा फार मागे जाते आणि श्वासनलिका दबते. किंवा पट्टा पोटावर आवळला जातो आणि पोटाने श्वास घेणाऱ्या बाळाला दम लागतो. तिसरी चूक वेळेची: अर्धा तास बांधून ‘झालं’ म्हणणं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तास सांगते.

पूर्वी बाळ स्थिरावल्यावरच हे सुरू करत. भारतासह पाच देशांत ३,२११ बाळांवर झालेल्या अभ्यासात ते जन्मानंतर लगेच, अस्थिर अवस्थेतच सुरू केलं. बाळं १ किलो ते १.७९९ किलोंची. लगेच बांधलेल्यांपैकी २८ दिवसांत १२ टक्के दगावली. नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के. फरक इतका दिसला की अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला, आणि निकाल २०२१ साली आला. हे सगळं श्रेय त्या हळू चालणाऱ्या तंतूंच्या खात्यावर टाकता येणार नाही. ऊब आहे, लवकर मिळणारं दूध आहे, आईच्या अंगावरचे ओळखीचे जिवाणू आहेत, आणि परक्या हातांची वर्दळ कमी आहे. या गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, कारण सस्तन प्राण्यांत त्या कधी वेगळ्या नव्हत्याच.

अडतं ते बांधकामावर आणि खात्यांवर. बाळाचा अतिदक्षता विभाग एका मजल्यावर, बाळंतीण दुसऱ्या मजल्यावर, अशी आपल्या रुग्णालयांची घडण. दिवसाला सतरा-सतरा तास बाळ छातीवर ठेवायचं तर आईची खाट बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या शेजारी हवी, तिचं जेवण, टाके, रक्तदाब बघणारी परिचारिका त्याच खोलीत हवी, आणि बाळाची ऑक्सिजनची नळी आईच्या अंगावर असतानाच हाताळायची सवय कर्मचाऱ्यांना हवी. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाने अशी खोली करून दाखवली आहे. आईलाच ताप असेल किंवा शस्त्रक्रियेनंतर ती उठू शकत नसेल, तर तेवढे तास आजी, मावशी किंवा बाप बाळ छातीशी बांधून बसतो. अभ्यासातही असा बदली माणूस चालत होता.